रुमाल कुठे संपतो?

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात ‘सुटसुटीत कर’ या विषयावर परिसंवाद होता. एका वक्त्याने खिशातून रुमाल काढला, झेंड्यासारखा हलवला आणि म्हणाला, “याची बाजू ६० सेंटिमीटर असेल तर हा रुमाल, ६१ झाली की स्कार्फ! दिल्लीतल्या बाबूंना दुसरे उद्योग नाहीत का?” सभागृह खदखदून हसलं. सरकारची टिंगल आणि तीही फुकटात. पुणेकर सोडतो थोडाच. मग वक्त्याने पॉपकॉर्न काढलं. डिसेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेने सुट्या खारट पॉपकॉर्नला ५, पाकिटबंदला १२ आणि कॅरमेलच्या पॉपकॉर्नला १८ टक्के असा खुलासा केला, तेव्हापासून कुठल्याही करचर्चेत ते निघतंच. उत्तर द्यायला एक निवृत्त अधिकारी उठले. “कायद्यात तसं आहे,” एवढंच म्हणाले आणि बसले. एकाने टिंगल केली, दुसऱ्याने कलम दाखवलं, आणि ती रेघ तिथे का आहे हे कोणी विचारलंच नाही.

मी अठरा वर्षं रविवार पेठेतल्या छोट्या व्यापाऱ्यांची आयात-निर्यातीची कागदपत्रं करते. माल काय, तर नाड्या, लेसा, गोंडे, स्कार्फ, मफलर, केसांचे पट्टे, असलं सटरफटर. त्यामुळे या वादात माझं पोट गुंतलेलं आहे, ते लपवत नाही. आणि माझं म्हणणंही आधीच सांगून टाकते: ६० सेंटिमीटरची रेघ दिसायला हास्यास्पद आहे, पण आहे शहाणी. खोट असते ती रेघेच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे भलताच दर ठेवण्यात. रेघ पुसा म्हणणारे आणि रेघ पवित्र म्हणणारे दोघेही चुकीच्या जागी बोट ठेवतात.

पहिली गोष्ट, ही रेघ दिल्लीत आखलेलीच नाही. मालाच्या वर्गवारीची जी ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ २००हून अधिक देश आणि प्रदेश वापरतात, तिचा करार १९८३चा, अंमल १ जानेवारी १९८८पासून, आणि ती सांभाळणारी जागतिक सीमाशुल्क संघटना ब्रुसेल्सला. प्रत्येक मालाला एक क्रमांक; त्याचे पहिले सहा अंक सगळ्या जगाला सारखे, पुढचे दोन आपले. ५० ते ६३ ही प्रकरणं कापडाची आणि कपड्यांची. त्यातलं ६१वं होजिअरीचं, म्हणजे सुयांवर विणलेल्या मालाचं. ६२वं मागावरच्या कापडातून केलेल्या कपड्यांचं. (मराठीत आपण स्वेटरही विणतो आणि लुगडंही विणतो. एकाच क्रियापदाने दोन आख्खी प्रकरणं गिळलेली असल्यामुळे नव्या पोरांना हा फरक शिकवताना माझी दमछाक होते.) ६२व्या प्रकरणात ६२१३ हा रुमालांचा मथळा, ६२१४ शाल-स्कार्फ-मफलरचा, ६२१५ टायचा, ६२१६ हातमोज्यांचा, आणि कुठेच न बसणाऱ्या साजासाठी ६२१७. रुमालाची व्याख्या प्रकरणाच्या टिपेत आहे: चौरस किंवा जवळपास चौरस, आणि एकही बाजू ६० सेंटिमीटरहून मोठी नाही. एक बाजू जरी पुढे गेली तरी तो तुकडा ६२१४मध्ये.

आता माझीच फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने बाहेरून छापील सुती चौकोन मागवले. पुरवठादाराच्या बिलावर ‘हँडकरचीफ’ लिहिलेलं, माप २४ इंच. पेठेत सगळं इंचांत चालतं आणि इंचाचे सेंटिमीटर करताना अडीचने गुणायची आमची जुनी खोड. चोवीस गुणिले अडीच, साठ. रुमाल. मी डोळे मिटून ६२१३ टाकलं. तपासणीत अधिकाऱ्याने एक चौकोन टेबलावर पसरला, सुरकुती हाताने सपाट केली आणि टेप लावली. २४ इंच म्हणजे ६०.९६ सेंटिमीटर. म्हणजे जगभरच्या सीमाशुल्काच्या लेखी दोन फुटी रुमाल हा रुमालच नव्हे. कागद दुरुस्त करण्यात चार दिवस गेले, गोदामाचं भाडं चढलं, दुकानदाराने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. गंमत अशी की तोच सुती चौकोन एकदा धुतला असता तर आटून ५९वर आला असता आणि पुन्हा रुमाल झाला असता! पण मोजायचं ते माल ज्या अवस्थेत दारात आला त्या अवस्थेत.

त्या दिवशी मी चरफडले. नंतर शांतपणे विचार केला, तेव्हा वेगळंच लक्षात आलं. त्या टेबलावर वाद झाला नव्हता. अधिकाऱ्याने मला “हे तुम्ही नाक पुसायला विकणार की गळ्यात बांधायला?” असं विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. पोरी हा चौकोन स्कूटरवर तोंडाला बांधतील, आजोबा घाम पुसतील, कोणी त्यात डबा बांधेल. टेपला त्याच्याशी कर्तव्य नाही. टेपला मी कोण, माझा माल कोणाचा, माझी ओळख कुठपर्यंत, हेही कळत नाही. ज्याच्याकडे वकील नाही, त्याला मूर्ख टेप हीच मोठी सोय असते.

याच्या उलट, जिथे मोजता येत नाही तिथे काय होतं ते तुळशीबागेत मिळणाऱ्या केसांच्या पट्ट्यावर पाहा. आत प्लॅस्टिकची कमान, वर कापड गुंडाळलेलं. हा कापडी साज, म्हणजे ६२१७? की केसांत माळायच्या कंगव्या-चापांसारखी वस्तू, म्हणजे ९६१५? नियम म्हणतो, वस्तूला तिचं मूळ स्वरूप ज्याने येतं ते धरा. पट्ट्याला पट्टेपण प्लॅस्टिकने येतं की कापडाने? कमान नसेल तर तो डोक्यावर टिकणार नाही, कापड नसेल तर तो कोणी विकत घेणार नाही. दोन हुशार माणसं दोन मतं देतात आणि दोघांचंही बरोबर वाटतं. काहीच ठरलं नाही तर शेवटचा उपाय म्हणून नियमावली सांगते की लागू पडणाऱ्या मथळ्यांपैकी क्रमाने जो शेवटी येतो तो घ्या. हे म्हणजे नाणं उडवण्यासारखंच. फक्त नाणं कोणत्या बाजूने पडणार ते आधी ठाऊक. पण तिथवर पोचेपर्यंत पत्रं, नमुने, सुनावण्या, आणि प्रत्येक पायरीवर कोणाच्या तरी ‘मता’ची वाट पाहणं. सभागृहात हसलेल्या मंडळींना विचारावंसं वाटतं: तुम्हाला मोजपट्टी हवी की मर्जी?

म्हणून याच टिपांमधल्या इतर ‘हास्यास्पद’ रेघांबद्दलही मला ममत्व आहे. बाळाचे कपडे म्हणजे कोणाचे? ८६ सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या मुलाचे. लोकरीचे चिमुकले हातमोजेही त्यातच. शर्ट बाईचा की पुरुषाचा हे सांगता येत नाही? डावी बाजू उजवीवर येत असेल तर पुरुषाचा, उजवी डावीवर तर बाईचा. कापण्यातूनच वेगळं उघड दिसत असेल तर गोष्ट निराळी. पोरकट आहे खरं. पण अशा नियमाला लाच देता येत नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतात, रेघ कधीच निष्पाप नसते. मोजमापाच्या सोज्वळ भाषेत कोणाचं तरी हित लपवलेलं असतं. खरं आहे, शंभर टक्के. १९०४च्या जर्मन-स्विस व्यापार करारात गुरांचं एक वर्णन होतं: मोठी, ठिपकेदार, डोंगरी जनावरं, समुद्रसपाटीपासून किमान ३०० मीटर उंचीवर वाढलेली आणि वर्षातून किमान एक महिना किमान ८०० मीटरवर चरलेली. कुठल्याही देशाचं नाव नाही, पण सवलत बरोबर स्वित्झर्लंडच्या गोठ्यात जावी अशी तजवीज. रेघ अशीही आखता येते. १७२१मध्ये इंग्लंडने छापील सुती कापड वापरण्यावर बंदी घातली ती आपल्याकडच्या छिटांच्या धास्तीने. त्या कायद्यातही निव्वळ निळं रंगवलेलं कापड, मलमल आणि गळ्याभोवती बांधायचे कापडी पट्टे मोकळे सोडलेले होते. त्या अपवादांमागे गळ्यांची काळजी होती असं मला तरी वाटत नाही.

आणि आपल्या घरचा दाखला तर याहून झणझणीत. १८७९मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने आपल्या कौन्सिलातल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या विलायती सुती मालावरची जकात उठवली, १८८२मध्ये उरलेलीही गेली. १८९४मध्ये तिजोरीची ओढाताण झाली म्हणून विलायती सुती मालावर ५ टक्के पुन्हा बसवली. लँकेशायर, म्हणजे इंग्लंडातला कापडगिरण्यांचा मुलूख, ओरडलं, तेव्हा समतोलासाठी हिंदी गिरण्यांच्या सुतावरही ५ टक्के, मात्र २० नंबरच्या वरच्या बारीक सुतावरच. जाड्या सुतात विलायतेशी स्पर्धा नव्हती, म्हणून ते वगळलेलं. म्हणजे सगळं राजकारण ‘२० नंबर’ या एका रेघेवर. लँकेशायर एवढ्यावरही गप्प बसलं नाही. १८९६मध्ये ती रेघ पुसली गेली: सूत सगळं मोकळं, आणि विणलेल्या कापडावर, विलायती असो की हिंदी गिरणीचं, बारीक असो की जाडंभरडं, सरसकट साडेतीन टक्के.

जरा थांबून हे पुन्हा वाचा. सरसकट एक दर. वर्गवारीची कटकट नाही. परिसंवादातल्या वक्त्याला हवा होता तसा सुटसुटीत कर! आणि त्याचा अर्थ काय झाला? ज्या जाड्या कापडाची विलायतेशी स्पर्धाच नव्हती, जे गरीब माणूस अंगावर घालत होता, त्यावर नव्याने कर बसला. टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवलं. पुण्यात आणि महाराष्ट्रातल्या इतर शहरांत विद्यार्थ्यांनी त्याच साली विलायती कपड्यांची होळी केली. १९०५ची होळी सगळ्यांना ठाऊक असते, १८९६ची कोणाला आठवत नाही. हिंदी गिरण्यांच्या कापडावरचा तो कर १९२५च्या डिसेंबरमध्ये तहकूब झाला आणि पुढच्या वर्षी कायमचा गेला. जवळजवळ तीस वर्षं. ज्या शहरात सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) हातकताईचे कपडे घालून १८७७च्या दिल्ली दरबारात जाण्याइतके कापडाच्या राजकारणाबाबत जागे होते, त्या शहराने ‘सरसकट’ या शब्दावर टाळ्या वाजवण्याआधी थोडं अडखळायला हवं. रेघ आखून लबाडी करता येते तशीच ती पुसूनही करता येते. कोणती रेघ आणि कोणासाठी, हा प्रश्न विचारायचा असतो. रेघा किती आहेत ते मोजून काहीच कळत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त भिडतो: ही कोष्टकं आपल्या अंगावरच्या कपड्यांना ओळखत नाहीत. ६२१४च्या मथळ्यात ‘मँटिला’ नावानिशी आहे, म्हणजे स्पेनच्या बायका डोक्यावर घेतात ते जाळीदार वस्त्र. उपरणं नाही, शेला नाही, ओढणी नाही, पंचा नाही. आमच्या उपरण्याची कथा तर आणखी नाजूक. नुसतं कापड आणि ‘तयार वस्तू’ यांच्यातला फरक ज्या टिपेत आहे, ती सांगते की सरळ चौकोनी तुकडा कापला म्हणून तो तयार वस्तू होत नाही. पण कडा दुमडून शिवल्या, किंवा काठाच्या दशांना गाठी मारल्या, की होतो. म्हणजे दुसरं काही केलेलं नसेल, तर उपरण्याच्या टोकाच्या दशा मोकळ्या सोडल्या की चर्चा कापडाची, आणि एखाद्या बाईने दुपारी अंगणात बसून त्यांचे चार-चार धागे घेऊन गाठी मारल्या की चर्चा शाल-स्कार्फच्या मथळ्याची. तिच्या बोटांनी माल एका प्रकरणातून दुसऱ्यात नेला, आणि तिला मजुरी गाठींच्या डझनावर! सहावार साडी मात्र आपल्या दरपत्रकात कापडाच्याच प्रकरणांत नावानिशी बसली आहे. आणि ‘रिअल मद्रास हँडकरचीफ’ हे पश्चिम आफ्रिकेत पिढ्यानपिढ्या खपलेलं दक्षिणेतलं कापड नावाने रुमाल असूनही ५२व्या प्रकरणात, सुती कापडात आहे. कारण ते चौकोनांच्या सलग तुकड्याने विकलं जाई, एकेका रुमालाने नव्हे.

याच उदाहरणांत आक्षेपाचं उत्तरही आहे. साडी, लुंगी, धोतर, मद्रासी रुमाल ही नावं ब्रुसेल्सने घातलेली नाहीत, आपण घातली, शेवटच्या दोन अंकांत. उपरण्याला आणि ओढणीला तशी ओळ हवी असेल तर मागणी दिल्लीकडे करायची आहे. त्यापलीकडे, जागतिक कोष्टकाची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८पासून लागू व्हायची आहे. म्हणजे हे दगडावर कोरलेलं नाही, ठराविक वर्षांनी बदलतं. पण ती मागणी करायला आकडे लागतात, आणि आकडे मिळतात वेगळी ओळ असेल तरच. ‘सगळं कापड एका ओळीत टाका’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं: उद्या बाहेरून स्वस्त ओढण्या येऊन पडल्या, तर किती आल्या हे कशावरून सांगणार?

मग खोट कुठे आहे? दरांतल्या दरीत. अमेरिकेतलं उदाहरण घ्या. (टोमॅटो फळ की भाजी हा १८९३चा खटला सगळेच सांगतात, म्हणून मी सांगत नाही.) ‘स्नगी’ नावाचं बाह्यांचं पांघरूण तिथे खूप खपलं. हे कपडा की ब्लँकेट? कपडा धरला तर शुल्क १४.९ टक्के, ब्लँकेट धरलं तर ८.५. बाह्या आहेत म्हणून सीमाशुल्क खातं म्हणालं कपडा. पाठ उघडी, बसून पांघरायचं, म्हणून आयातदार म्हणाला ब्लँकेट. २०१७मध्ये न्यायालयाने ब्लँकेट ठरवलं. तत्त्वचिंतनाची एवढी हौस कोणाला नव्हती, भांडण ६.४ टक्क्यांचं होतं. दोन्हीकडे एकच दर असता तर बाह्या असलेल्या पांघरुणाचं खरं स्वरूप काय, हा प्रश्न कुणाला सुचला तरी असता का?

याचा पुरावा आपल्याच न्हाणीघरात आहे. छोट्या बाटलीतलं खोबरेल तेल खाद्यतेल की केसांचं तेल, हा अबकारी कराच्या जमान्यातला वाद वर्षानुवर्षं चालून सर्वोच्च न्यायालयात २०१८मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेदापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२४मध्ये तिघांच्या पीठाने खाद्यतेलाच्या बाजूने मिटवला. जीएसटीतही खाद्यतेलाला ५ आणि केसांच्या तेलाला १८ टक्के होते, म्हणजे भांडणाचं बी तसंच जिवंत. मग २२ सप्टेंबर २०२५ला केसांचं तेलही ५ टक्क्यांवर आलं. दोन मथळे आजही वेगळे आहेत, रेघ जागच्या जागी आहे, पण तिच्यावरून भांडण्यात आता कोणाला चार पैसे सुटत नाहीत. मला कापडी साजात नेमकं हेच हवं आहे: रुमाल, स्कार्फ, मफलर, केसांचा पट्टा, सुईवरचा की मागावरचा, ओळी हव्या तेवढ्या ठेवा, पण शेजारच्या ओळींचा दर एक ठेवा. वेगळा ठेवायचा असेल तर का, ते छापून सांगा.

आणि ज्या रेघेवर खरोखर हसायला, नव्हे चिडायला हवं, तिच्यावर त्या संध्याकाळी कोणी बोललं नाही. त्याच सप्टेंबरपासून कपडे आणि कपड्यांचा साज नगाला २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, वर गेला की १८. यंत्रमागावरचा एक स्टोल २,५०० रुपयांना विकला तर गिऱ्हाईक देतं २,६२५. किंमत एक रुपयाने वाढवली की २,९५१ रुपये १८ पैसे. एका रुपयाच्या वाढीला तीनशे सव्वीस रुपयांचा फटका! ६० सेंटिमीटर आज ६० आहेत तसे दहा वर्षांनीही ६०च राहतील. २,५०० रुपयांचं तसं नाही. सूत महागेल, मजुरी वाढेल, आणि तोच स्टोल काहीही न बदलता रेघेपलीकडे ढकलला जाईल. आधी ही मर्यादा १,००० होती, पुढे पुन्हा हलवावी लागेल. शिवाय किंमत टेपने मोजता येत नाही. ती बिलावर लिहिली जाते, आणि बिलावर काय काय लिहिलं जातं हे पेठेला शिकवायला नको. कमी किंमत दाखवून आणलेल्या मालापुढे टक्केवारी लुळी पडते. २०२५च्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारच्या होजिअरी कापडांवर ‘२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त असेल ते’ असं आयात शुल्क आलं, त्यात मला हीच अक्कल दिसते. किलो काट्यावर दिसतो.

छोट्या माणसाच्या हालांबद्दल विरोधक जे म्हणतात त्यातलं एक मी जसंच्या तसं मान्य करते. २०११पासून वर्गवारी ठरवण्याची पहिली जबाबदारी आयातदाराचीच आहे. चुकली तर व्याज आणि दंड त्याच्या डोक्यावर. आधीच निर्णय मागून घ्यायची सोय आहे, त्यासाठी मुंबईत आणि दिल्लीत प्राधिकरणं आहेत. पण दोनशे डझन पट्टे आणणारा माणूस त्यासाठी अर्ज, नमुने, सल्लागार कुठून आणणार? मोठी कंपनी उलट मालच कोष्टकाकडे पाहून घडवते. बुटाच्या तळव्याला पातळ कापडी थर लावून त्याला कमी शुल्काच्या खणात बसवणारे कारखानदार जगात आहेतच. हे अन्याय्य आहे. पण रेघा कमी केल्याने ते थांबत नाही, उलट उरलेल्या मोजक्या रेघांवर जास्त पैसा लागतो आणि तिथे मोठ्यांचेच वकील उभे राहतात. दिलेले निर्णय नमुन्याच्या फोटोसह साध्या मराठीत दुकानदाराला वाचता येतील असे मांडा, मग बघा माझ्यासारखीचा धंदा किती बसतो ते.

परवा तोच दुकानदार पुन्हा आला. नवी ऑर्डर, छापील सुती चौकोन, आता पुरवठादार दुसरा. मी टेबलाच्या खणातून सेंटिमीटरची टेप काढली आणि त्याला सांगितलं, रुमाल म्हणून आणायचे असतील तर साडेतेवीस इंच करून माग. ५९.६९. त्याने टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“ताई, अर्धा इंच कमी केला तर पोरींच्या तोंडाला बांधून मागे गाठ बसेल का?”

ते मात्र मोजून बघावं लागलं. पोराला खाली कटिंगवाल्याकडे पाठवून साडेतेवीसचा एक तुकडा कापून आणला.